हृदयाचे ठोके: निरंक

मायना काय घालायचा, यातच भाई तळाशिलकरांचे पहिले तीन दिवस गेले. पत्र जायचे होते एका यंत्राला. ‘महोदय’ लिहावे, तर यंत्र पुरुष आहे याला आधार काय? ‘महोदया’ लिहावे, तर तीच अडचण. ‘प्रिय’ म्हणण्याइतकी ओळख नव्हती. शेवटी भाईंनी पुण्याला मुलीला फोन लावला आणि विचारले, "गो भक्ती, ह्या तुज्या एजंटाचो हुद्दो काय?"

"बाबा, तेका हुद्दो नाय. तो एक प्रोग्राम आसा."

"बिनहुद्द्याचो कामाक ठेवलास कसो?" भाईंना खरोखरच धक्का बसला. चौतीस वर्षे तालुक्याच्या कचेरीत काढलेल्या माणसाला शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येकाचा हुद्दा पाठ असतो, आणि इथे ज्याला लिहायचे तो कोण हेच ठाऊक नाही. भाईंनी मायन्याची जागा मोकळी सोडली, आणि तिच्याकडे बघून त्यांना दिवसभर अन्न गोड लागले नाही.

प्रकार असा होता. भक्तीची कंपनी मनगटावर बांधायचे पट्टे बनवते. पट्टा माणसाची पावले मोजतो, झोप मोजतो, हृदयाचे ठोके मोजतो आणि सगळी माहिती कंपनीच्या कोठारात नेऊन टाकतो. आता कंपनीने मोबाइलमध्ये एक बोलणारा एजंट बसवला होता. "काल मी किती चाललो?" असे विचारले की त्याने एका साधनामार्फत कोठारात हात घालायचा, आकडा काढायचा आणि माणसाला सांगायचा. पण कोणता आकडा कुठल्या नावाने ठेवलाय, तो कसा मागायचा आणि सापडलाच नाही तर काय करायचे, हे त्या एजंटाला कोणीतरी नीट लिहून द्यावे लागते. पट्टे गावोगावच्या म्हाताऱ्यांना विकायचे, म्हणून हे लिखाण मराठीत हवे होते. कंपनीतल्या पोरांनी जे मराठी लिहिले ते वाचून एजंटाने एका आजोबांना ‘आपण काल सात तास झोप चाललात’ असे कळवले होते. तेव्हा भक्तीला वडील आठवले.

भाई म्हणजे सत्यवान तळाशिलकर, निवृत्त अव्वल कारकून. साहेब आले, साहेब गेले, पण भाईंचा एकही मसुदा कधी वरून परत आला नाही. त्यावर ‘पुन्हा सादर करावे’ असा शेरा मारण्याची कुणाची छाती झाली नाही. ही गोष्ट भाई भेटेल त्याला सांगत, आणि त्यांच्या पत्नी जानकीबाईंना तर ती झोपेत म्हणता आली असती. निवृत्तीनंतर दोन वर्षे मात्र लिहायला काही उरले नव्हते. वाडीच्या सत्यनारायणाची सूचना आणि नळाचे पाणी कधी येणार याचा फलक, एवढेच. वाघाने उंदरावर दिवस काढावेत तसे भाईंनी ते काढले होते. म्हणून भक्ती म्हणाली, "सोमवारी साहेब बघतील. पसंत पडलं तर पुढच्या सगळ्या साधनांचं लिखाणही तुमच्याकडेच देतील," तेव्हा भाईंच्या अंगावर मूठभर मांस चढले.

"फक्त एक लक्षात ठेवा बाबा. एजंट जसं लिहिलंय तसंच करतो. चाचणीसाठी तो तुमच्या पट्ट्याला आणि तुमच्या मोबाइलला जोडलाय. तुम्ही मोबाइलमध्ये जो मसुदा टाकाल, तो तिथल्या तिथे लागू होईल."

भाईंच्या कानात यातले एकच वाक्य शिरले. जसे लिहिले तसेच करतो! असा हाताखालचा माणूस मिळावा म्हणून त्यांनी उभी नोकरी वाट पाहिली होती, आणि तो मिळाला निवृत्तीनंतर. त्यांचे डोळे पाणावले.

मसुदा पडवीत बसून लिहायचा, ही त्यातली मोठी चूक. मालवणात पडवीत बसून माणूस कागदावर काहीतरी लिहितोय आणि रस्त्यावरचा दुसरा माणूस सरळ निघून जातोय, असे आजवर घडलेले नाही. पहिला आला मुनीर. त्याचे जेटीकडच्या वाटेवर जाळी आणि दोऱ्यांचे दुकान, आणि भाईंची न् त्याची बालवाडीपासूनची दोस्ती.

"एजंटाक लिवतस?" मुनीर म्हणाला. "मगे आधीच बजावन ठेव. आमच्या आंब्याचो एजंट आसा ना, तो दर वर्साक सांगता, पेटीतले अर्धे कुसले. कोणी बघले? ह्यो तुजी अर्धी पावला मधल्या मधी खातलो."

शेजारच्या रश्मीवहिनी खानावळ चालवतात. त्यांनी कुंपणावरून मान काढून सुचवले, "झोपेचा लिवतास तर भाई, घोरण्याचा पण लिवा हां. माज्याकडचे टुरिस्ट विचारतत, रात्री बोट खयची चालू होती म्हणान."

भाईंनी हा अपमान गिळला. पण खरे मार्गदर्शन केले ते जितेंद्र कांदळगावकरांनी. हे भाईंचे कचेरीतले जुने सहकारी, आता निवृत्त कर्मचारी कल्याण मंडळाचे सचिव. यांचा प्रत्येक मसुदा परत येत असे, कधीकधी तर न वाचता. त्यामुळे मसुदा कसा असावा याबद्दल त्यांची मते फार ठाम होती.

"कलमां घाल," ते खुर्ची ओढून म्हणाले. "कलमाशिवाय कागदाक वजन नाय. आणि खाली प्रती रवाना कर. ज्या कागदाची प्रत कोणाक जाणा नाय, तो कागद झालोच नाय असा समज."

हे मात्र भाईंना पटले. मसुदा अठरा पानांचा झाला. त्यातले कलम चार वानगीदाखल बघा: ‘पावलांची माहिती मागवताना सदर पावले संबंधित व्यक्तीने स्वतः टाकली आहेत किंवा कसे, याची खातरजमा करावी.’ कलम सात: ‘संबंधित व्यक्ती दुपारी विश्रांती घेत असल्यास मोबाइलचा आवाज बंद ठेवावा.’ आणि भाईंचे सर्वात लाडके कलम नऊ: ‘माहिती उपलब्ध नसल्यास कोणताही रकाना कोरा ठेवू नये. तेथे ‘निरंक’ असे स्पष्ट नमूद करावे.’

कोरा रकाना म्हणजे काय हे कचेरीबाहेरच्या माणसाला कळायचे नाही. कोरा रकाना म्हणजे कामचुकारपणा. निरंक म्हणजे काम केले, शोध घेतला आणि शून्य सापडले. दर तीन महिन्यांनी वरून तक्ता येई. त्यात तालुक्यातल्या उंटांची संख्या विचारलेली असे. समुद्रकाठच्या तालुक्यात उंट कुठून येणार? पण भाईंनी तो रकाना एकदाही कोरा सोडला नाही. ‘उंट: निरंक.’ चौतीस वर्षांत एकशे छत्तीस वेळा. एकदासुद्धा एखादा उंट चुकून आला का हे बघायला ते बाहेर गेले नव्हते, पण तो विषय वेगळा.

शेवटी, भरल्या ताटावर मीठ वाढावे तसे त्यांनी लिहिले: ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’. खाली नावे: सौ. जानकी, चि. भक्ती, डॉक्टर, श्री. मुनीर, रश्मीवहिनी, श्री. जितेंद्र कांदळगावकर, कर्मचारी कल्याण मंडळाचा ग्रुप, वाडीचा ग्रुप आणि समस्त तळाशिलकर परिवाराचा ग्रुप, ज्यात गिरगावपासून मस्कतपर्यंतचे दोनशे चौदा तळाशिलकर आहेत. हे त्यांनी विचार करून लिहिले असे कोणी समजू नये. शिंक आल्यावर माणूस नाकापुढे हात धरतो, तसे पत्र संपले की भाईंच्या हातून प्रती निघत. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मसुदा मोबाइलमध्ये टाकला आणि समाधानाने झोपले.

शुक्रवारी सकाळी सात वाजता पहिला अहवाल आला. ‘विषय: श्री. सत्यवान तळाशिलकर यांनी काल टाकलेल्या पावलांबाबत.’ भाषा बघून भाईंचा ऊर भरून आला. काय ती वाक्यरचना! ‘उपरोक्त विषयान्वये सविनय कळविण्यात येते की, सदर व्यक्तीची एकूण पावले ६११ इतकी आढळून आली.’ ते अजून त्या ‘आढळून आली’वर खूश होते, तोच मुनीर फाटकातून हसत आला.

"काय रे भाई, सहाशे अकरा? माज्या दुकानाक येवन जावक सहाशे होतत. वरती अकरा खंय चल्लस?"

भाईंना काही उमगेना. मग उमगले, आणि हातातला चहा त्यांनी तसाच खाली ठेवला. गेली दीड वर्षे ते रोज सकाळी ‘बंदरावरून चक्कर मारून येतंय’ सांगून घरातून निघत. डॉक्टरांनी पाच हजार पावले सांगितली होती. जानकीबाईंनी त्या पावलांच्या भरवशावर त्यांना आठवड्यातून तीनदा तळलेला बांगडा मंजूर केला होता. ही चक्कर मुनीरच्या दुकानातल्या बाकड्यावर संपते, हे आता दोनशे चौदा तळाशिलकरांना कळले होते. मस्कतच्या पुतण्याने तर हसून रडणारे तोंड पाठवले होते.

जानकीबाई आतून आल्या. त्यांच्याही हातात मोबाइल होता. दुपारी ताटात दुधी भोपळा होता.

भाईंनी भक्तीला फोन केला. ती मीटिंगमधून बाहेर आली आणि कुजबुजत म्हणाली, "बाबा, ती प्रतींची यादी काढून टाका बघू आधी!"

काढून टाका! एकदा रवाना झालेल्या पत्रातली प्रतींची यादी अशी पुसून टाकता येते काय? उद्या कोणी विचारले तर? भाईंनी जितेंद्ररावांचा सल्ला घेतला आणि रिवाजाप्रमाणे शुद्धिपत्रक काढले. ‘यापुढे अहवाल दररोज पाठवू नये. केवळ असाधारण बाब आढळल्यासच पाठवावा.’ असाधारण कशाला म्हणायचे? तर ‘हृदयाचे ठोके मिनिटाला चाळिसापेक्षा कमी असल्यास’. जितेंद्ररावांनी वरती ‘अतितात्काळ’ लिहायला लावले. शुद्धिपत्रक मोबाइलमध्ये गेले. प्रतींची यादी, अर्थातच, कायम होती.

शनिवारी साडेअकराच्या एसटीने जानकीबाई देवगडला बहिणीकडे गेल्या. "संध्याकाळच्या गाडीन येतंय. भोपळो झाकून ठेवलोसा," एवढेच सांगून गेल्या. एसटी वळणावर गेली आणि भाई रश्मीवहिनींकडून दोन तळलेले बांगडे घेऊन आले. आधी अंगाला खोबरेल चोळून आंघोळ करावी म्हणून त्यांनी मनगटावरचा पट्टा काढला आणि खिडकीत ठेवला. आंघोळ झाली. बांगडे झाले. पट्टा खिडकीतच राहिला. मग रोजच्याप्रमाणे डोळ्यांवर उजेड नको म्हणून तोंडावर पांढरा पंचा ओढून भाई माजघरातल्या खाटेवर आडवे झाले. कलम सात तंतोतंत पाळून मोबाइलने आपला आवाज बंद केला.

एक वाजून चाळीस मिनिटांनी कोठारात ठोके नाहीत हे एजंटाच्या लक्षात आले. त्याने कलम नऊ बघितले, शुद्धिपत्रक बघितले, प्रतींची यादी बघितली. त्याची काही म्हणता काही चूक नव्हती.

‘अतितात्काळ. विषय: श्री. सत्यवान तळाशिलकर यांच्या हृदयाच्या ठोक्यांबाबत. उपरोक्त विषयान्वये सविनय कळविण्यात येते की, सदर व्यक्तीच्या हृदयाचे ठोके: निरंक. पावले: निरंक. हालचाल: निरंक. सदर स्थिती पुढील आदेशापर्यंत कायम राहील. तरी माहिती असावी. आपला विश्वासू.’

भाई जागे झाले ते हुंदक्यांनी. कुणीतरी बाई रडत होती. दुसरा कोणीतरी नाक शिंकरत होता. पंच्याखाली पडल्या पडल्या त्यांनी कानोसा घेतला. जितेंद्ररावांचा आवाज ओळखू आला: "माणूस बरो होतो. हट्टी होतो, पण बरो होतो. आता तेच्याबद्दल वायट कित्याक बोला?"

आपल्या घरात हे कोणासाठी रडतायत, हे भाईंना कळेना. शेजारधर्म म्हणून चौकशी करावी, या विचाराने ते उठून बसले. पंचा गळून मांडीवर पडला.

"कोण गेला रे?" त्यांनी विचारले.

रश्मीवहिनींच्या हातातला झारा फरशीवर आपटला. मुनीर भिंतीला टेकला आणि तसाच घसरत खाली बसला. माजघरात, पडवीत आणि खळ्यात मिळून सत्तरऐंशी माणसे होती, आणि सगळ्यांनी एकदम भाईंकडे बघितले.

"तू," जितेंद्रराव म्हणाले.

भाईंना आयुष्यात अनेक धक्के बसले होते, पण स्वतःच्या मयताला स्वतः हजर असण्याची सवय कोणालाच नसते. त्यांनी छातीवर हात ठेवून बघितले. ठोके होते, आणि ते चाळीसच्या बरेच वर होते.

"मेल्या, माका आधी सांगूक नाय होया, जिवंत आसंय म्हणान?" मुनीर ओरडला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. "दुकानाचा शटर अर्धा टाकून धावत इलंय. तोंडार फडको बघलंय आणि माजे पायच गेले!"

"हलवन बघूक कोणाक सुचला नाय?"

"हलवतलो कसो?" जितेंद्रराव दुखावून म्हणाले. "कागद इलो होतो. तुज्याच भाषेत, तुज्याच मोबाइलवरसून. तुजो कागद चुकता काय?"

जितेंद्ररावांनी आणखी एक बातमी दिली. कल्याण मंडळाच्या ग्रुपवर दुखवट्याचा ठराव एकमताने मंजूर झाला होता. तो आता मागे घ्यायचा तर सात दिवसांच्या नोटिसीने बैठक लावावी लागेल. "तोपर्यंत कागदोपत्री तू गेलेलोच," ते म्हणाले. आपला एक ठराव तरी परत येऊ नये, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. नाक्यावर फ्लेक्सही लागला होता. अर्ध्या तासात छापून दिला म्हणे.

भाईंनी मोबाइल उचलला. परिवाराच्या ग्रुपवर एकशे सत्याऐंशी संदेश होते. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एकशे त्रेचाळीस वेळा, त्यात ‘श्रद्धांजली’ बरोबर लिहिलेली एकोणीस वेळा. एका काकांनी वर काय चाललेय ते न बघता ‘हार्दिक अभिनंदन’ टाकले होते. कोणी लिहिले होते, ‘भाईंना चालण्याची फार आवड होती.’ मसुद्यांबद्दल कोणी चकार शब्द लिहिला नव्हता. एकानेही नाही! आणि या सगळ्याच्या मध्ये, एक वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी, भक्तीचा संदेश होता: ‘बाबा ठीक आहेत. पट्टा मनगटावर नाही असं इथे दिसतंय. कृपया घाबरू नका.’ त्याखाली एकवीस जणांनी तिला ‘देव तुला हे दुःख सहन करण्याचे बळ देवो’ असे लिहिले होते. पोरीला अजून खरे वाटत नाहीये, असे सगळ्यांना वाटले होते.

मोबाइल हातातच थरथरला. भक्तीचाच होता. बापाचा आवाज ऐकल्यावर ती आधी रडली आणि मग कडाडली.

"बाबा, माहिती नसणं आणि शून्य असणं ह्यात फरक असतो! एवढं कसं कळलं नाही तुम्हाला? पट्टा काढला की ठोके माहीत नाहीत, एवढंच म्हणायचं. निरंक कसलं लिहिता? चार मिनिटं, बाबा. चार मिनिटं मला पण खरं वाटलं होतं."

मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "आणि आईचो फोन कोण उचलणा नाय."

तोवर भाईंच्या डोक्यात आपली अब्रू होती, फ्लेक्स होता, ठराव होता. आता एकदम आठवले. प्रतींच्या यादीतले पहिले नाव सौ. जानकी. त्यांनी जानकीबाईंचा नंबर लावला. खूप वेळाने मेव्हणीने, आकांक्षाने उचलला.

"मी भाई बोलतंय."

पलीकडून किंकाळी आली आणि फोन पडल्याचा आवाज. दुसऱ्यांदा लावला तेव्हा आकांक्षा लटपटत बोलली. ताई नुकतीच येऊन टेकली होती. हातपाय धुवायला निघाली, तोच मोबाइल वाजला. वाचले. "काय बोलली नाय भावोजी. रडली पण नाय. फोन माज्या हातात दिल्यान आणि तशीच भायर गेली. नाक्यार रिक्षा धरून पावणेदोनाक निघाली. फोन हयच रवलो."

सव्वातीन झाले होते. म्हणजे दीड तास ती बाई एकटी, फोनशिवाय, देवगड ते मालवण एवढी वाट विधवा होऊन येत होती, आणि तिला थांबवायचा, सांगायचा कसलाच मार्ग नव्हता. भाईंनी लिहिलेला कागद पोहोचायला एक क्षण लागला होता. तो परत घ्यायला मात्र त्यांना रस्त्यावर जाऊन उभे राहणे भाग होते.

ते तसेच निघाले. मुनीर मागून हाका मारत होता, "स्कूटर काढतंय, थांब!" पण भाई थांबले नाहीत. नाक्यापर्यंत ते धावले, आणि धावण्याची त्यांना अजिबात सवय नव्हती. नाक्यावर त्यांचा फोटो होता, ओळखपत्रावरचा, दचकलेला. ‘कै. सत्यवान तळाशिलकर यांना भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल: कर्मचारी कल्याण मंडळ.’ त्याखाली भाई धापा टाकत उभे राहिले. सिंधुदुर्ग किल्ला बघायला आलेल्या गाडीतल्या एका बाईने आधी फ्लेक्सकडे बघितले, मग खाली बघितले आणि काच वर केली.

जेटीकडे जाणाऱ्या-येणाऱ्या चारदोन रिक्षा गेल्या. मग देवगडच्या वाटेवरच्या आचऱ्याच्या बाजूने एक आली. जानकीबाई मागच्या सीटवर ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, डोळे सरळ पुढे. रिक्षा वळण घ्यायला हळू झाली आणि त्यांची नजर आधी फ्लेक्सवर गेली. चेहरा हलला नाही. एवढ्या वाटेत त्यांनी सगळे मनाशी पक्के करून टाकले होते असे दिसत होते. मग नजर खाली आली.

"थांबव," त्या म्हणाल्या.

त्या उतरल्या. दोन पावले आल्या आणि नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितले.

"पायात चपला खंय आसत?" जानकीबाईंनी विचारले.

भाईंनी खाली बघितले. चपला नव्हत्या. आणि तिथे भर नाक्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, जानकीबाई मोठ्याने रडू लागल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात भाईंनी त्यांना असे रडताना बघितले नव्हते. त्यांना भयंकर लाज वाटली. पावलांची लाज वाटली होती त्याहून ही वेगळी होती आणि फार खोल होती. त्यांनी बायकोचा हात धरला, जे त्यांनी रस्त्यात पूर्वी कधी केले नव्हते, आणि मुनीर स्कूटरवरून आला तो हे बघून तसाच मागे फिरला.

संध्याकाळी माणसे पांगल्यावर जानकीबाई म्हणाल्या, "ती तुमची कागदां हाडा बघू."

भाईंनी अठरा पाने आणून दिली. नवऱ्याचा मसुदा त्या आज पहिल्यांदा वाचत होत्या. त्यांनी एकेक पान उलटले, कलम नऊपाशी थांबल्या आणि पेन मागितले. ‘निरंक’वर एक आडवी रेघ मारली. मग पान उलटून प्रतींच्या यादीवर दुसरी. मोकळ्या जागेत त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिले:

‘ठोके गावले नाय तर शून्य सांगू नको. म्हायत नाय असा सांग. पट्टो काढलो आसात काय, ता तेंकाच विचार. तेंनी सांगल्यानी नाय तर घरच्या माणसाक एक फोन कर. गावभर करू नको.’

भाईंनी वाचले. विषय नव्हता. संदर्भ नव्हता. क्रियापदे मालवणी होती आणि शेवटचे वाक्य तर सरळसरळ दटावणी होती. पहिल्या ओळीत ‘सदर’ घालावे म्हणून त्यांचा हात आपोआप पुढे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि पानाचा फोटो काढून भक्तीला पाठवला. प्रत कोणालाही केली नाही.

सोमवारी दुपारी भक्तीचा फोन आला. आवाजावरूनच भाईंना कळले. "बाबा, मसुदा परत आला," ती चाचरत म्हणाली. "सगळी अठरा पानं. साहेब म्हणाले, एजंटाला एवढ्यातलं काहीच लागत नाही."

अखेर तो दिवस आला. भाई खुर्चीत बसले. चौतीस वर्षे आणि एक आठवडा.

"पण आईने लिहिलेलं आहे ना, ते आम्ही घेतलं. बोली तेवढी प्रमाण केली, बाकी शब्द तेच. सगळ्या भाषांत तसंच जाणार आहे. साहेब विचारत होते, पुढची साधनं त्या लिहून देतील का?"

या धक्क्यासाठी मात्र भाईंची काहीच तयारी नव्हती. त्यांनी फोन कानापासून दूर धरून आत हाक मारली आणि जमेल तेवढ्या कोरड्या आवाजात सगळे सांगितले. जानकीबाई हात पुसत बाहेर आल्या.

"तेका सांगा, माका जमाचा नाय."

"अगो, पण कंपनी म्हणता..."

"मी कंपनीसाठी खंय लिवलंय? तुमच्यासाठी लिवलंय."

त्या भाईंच्या खुर्चीशेजारच्या बाकावर बसल्या. "हात फुडे करा," म्हणाल्या. भाईंनी केला. जानकीबाईंनी दोन बोटे त्यांच्या मनगटावर ठेवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर लावली आणि ओठ हलवत मोजू लागल्या. आकडा कुठेतरी टिपून ठेवावा, असे भाईंच्या अगदी ओठांवर आले होते. पण तिची मोजणी चुकेल म्हणून ते गप्प बसले.